झऱ्याकडे गेलेली रेघ

लिनो मामा न भांडता पोती न्यायला आला, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

हा माझ्या आईचा सख्खा भाऊ. तोलताना काटा जरा थरथरला तरी "पुन्हा तोला" म्हणून अख्खी रांग खोळंबवणारा. मागे एकदा शेडचं छप्पर गळून त्याचं एक पोतं भिजलं, तर हा रोज सकाळी सोसायटीच्या पायरीवर येऊन बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आमचा उद्धार ऐकवायचा. आणि आज? सगळ्या सभासदांची कॉफी कंटेनरमध्ये चढत होती. त्याची तेवढी पोती बाहेर काढून खळ्याच्या कडेला टाकली होती. आणि हा गडी टोपी काढून, मान खाली घालून एकेक पोतं खेचरावर बांधत होता.

"मामा, काही बोलाल की नाही?"

"दोरी धर जरा," तो म्हणाला.

काट्यावर ग्लाडिस बसली होती. आमच्या सोसायटीत मालाचं वजन तीच करते आणि माणसांचंही. ती मला म्हणाली, "चेअरमनबाई, मामांच्या कपाळाला हात लावून बघा. न भांडता निघाले म्हणजे एक तर ताप आहे, नाहीतर देवाचं बोलावणं आलंय."

कुणीच हसलं नाही. तीसुद्धा नाही.

झालं होतं ते असं. आमची कॉफी हाम्बुर्गच्या एका गिऱ्हाइकाकडे जाते. भाव बरा देतो, वेळेवर देतो, म्हणून एल पोर्तिय्योच्या या डोंगरावर घरं पक्की झाली. आता युरोपात नियम झालाय की कॉफी नेमक्या कुठल्या जमिनीवर पिकली ते नकाशावर दाखवा आणि ती जमीन रान तोडून केलेली नाही हे सिद्ध करा. म्हणून गेल्या वर्षी सगळ्या सभासदांनी हातात फोन धरून आपापल्या बागेच्या कडेकडेने फेरी मारली. आपण चालतो तशी फोन रेघ ओढत जातो, फेरी पुरी झाली की जमिनीचा आकार तयार होतो. तो आकार तिकडे उपग्रहाच्या फोटोवर ठेवून बघतात. हिरवा आला तर माल जातो. लाल आला तर एकट्याचा नाही, अख्खा कंटेनर अडतो.

यंदा त्यांनी राखीव रानांच्या हद्दीही नकाशात घातल्या आणि मामाची जमीन लाल आली. आकार बघितला तर खाली नेहमीची चौकोनी बाग आणि तिच्या वरच्या कोपऱ्यातून एक लांब बोट निघालेलं, थेट झऱ्याच्या रानात घुसलेलं. ते रान गावाचं. गावच्या नळाला आणि आमच्या कॉफी धुण्याच्या हौदाला पाणी तिथूनच येतं. तिथल्या झाडाला हात लावायचा नाही हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

गिऱ्हाइकाचा निरोप स्पष्ट होता. आज संध्याकाळपर्यंत एक तर या माणसाचं नाव काढा आणि त्याची पोती बाजूला करा, नाहीतर जागेवर जाऊन फोटो काढा, ते बोट कसलं आहे ते दाखवा.

"कोमाद्रे, सही करून टाका," ओल्विन म्हणाला. त्याच्या हातात मामाचं नाव काढल्याचा कागद होता. "ड्रायव्हरला अंधाराच्या आत घाट उतरायचाय."

ओल्विन माझा कोंपाद्रे. माझ्या मुलाला, एल्डरला, बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्याखाली धरलं ते यानेच, हा त्याचा धर्मबाप. शाळेत असताना आम्ही एकमेकांचे केस उपटायचो, पण त्या दिवसापासून मी त्याची कोमाद्रे झाले, तो माझा कोंपाद्रे झाला आणि आम्ही एकमेकांना 'तुम्ही' म्हणायला लागलो. आमच्याकडे सख्ख्या भावाशी कोर्टात जातील, पण कोंपाद्रेशी कुणी आवाज चढवत नाही. त्यातून माझा नवरा वादळातल्या दरडीखाली गेला तेव्हा माझं घर याच माणसाने उभं धरलं. एल्डर बापाला विसरला, पण याच्या मोटारसायकलचा आवाज लांबून ओळखायचा. सोसायटीत संगणक कळणारा तोच, म्हणून नकाशांचं सगळं कामही त्याच्याकडे.

"वर जाऊन बघून यायला नको?" मी विचारलं.

"काय बघायचंय? नकाशा खोटं बोलत नाही. म्हातारा घुसलाय रानात. यंदा नाव काढा, पुढच्या वर्षी बघू."

"मामा रानात घुसतील?"

"माणूस आहे, कोमाद्रे. बाग जुनी झाली की सगळ्यांचा पाय वर वळतो." मग आवाज मऊ करून म्हणाला, "आणि ते स्वतः तरी कुठे नाही म्हणतायत?"

तेच तर खटकत होतं. मामा नाही म्हणत नव्हता. खोटा आळ आला असता तर त्याने पाद्रीबुवांना प्रार्थनेतून उठवून आणलं असतं. खरा असता तरीही भांडला असता, उलट जास्तच भांडला असता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"मी जाऊन येते," मी म्हटलं. "मामांबरोबरच निघते."

"वर घसरडं आहे."

मी त्याच्याकडे बघितलं. महिन्याभरात पावसाचा थेंब नव्हता. खळ्यावरची धूळ आमच्या दातांत करकरत होती.

"मग मी जातो," तो घाईने म्हणाला. "तुम्ही इथे थांबा, कंटेनरला सील तुमच्यासमोर लागायला हवं."

"सील मी आल्यावर लागेल."

कागद घडी करून मी झग्याच्या खिशात टाकला आणि खेचरामागून चालायला लागले. वळणावरून मागे बघितलं तर ओल्विन अजून तिथेच उभा होता आणि कंटेनर चढवणारी माणसं त्याला काहीतरी विचारत होती.

चढावर मामा खेचराची दोरी ओढत पुढे चालत होता. मी मागून चिडूनच चालत होते. फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा ओल्विन. पुढे रेंज गेली आणि वाजायचा थांबला. खरं सांगते, मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं.

मामाच्या अंगणात पोती उतरवली. त्याने चुलीवरची कॉफी ओतून माझ्यापुढे ठेवली, मक्याची एक भाकरी शेकून दिली.

"मामा, फोन घेऊन गेल्या वर्षी कुठून कुठून फिरलात? सगळं सांगा."

"सगळं काय सांगायचंय? आधी पाण्याकडे गेलो, मग बागेभोवती."

"पाण्याकडे? ते कशाला?"

"कशाला म्हणजे?" पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जुना मामा डोकावला. "जमीन मोजायची आणि पाण्याला सांगायचं नाही? तुझी आई असती तर कान उपटला असता. नांगर घालताना सांगतो, घर बांधताना सांगतो. घोटभर चिचा, मक्याची दारू, ओतली, म्हटलं बाबा, जरा मोजतोय, रागावू नकोस. मग खाली आलो."

"आणि फोन? तो बंद केला नाही?"

"ओल्विन म्हणाला, बटण दाबलंय, घरी येईपर्यंत हात लावायचा नाही. मग मी कशाला हात लावतोय! तो इथे बसून बीन्स खात होता. मी एकटाच फिरलो."

मी कपाळावर हात मारला आणि मोठ्याने हसले. एवढंच होतं तर! रानात घुसलेलं ते बोट म्हणजे मामाची झऱ्याकडे जायची आणि यायची वाट होती. फोनने तीही बागेत धरली. तुमच्या उपग्रहाला काय कळणार की इथे माणूस जमिनीचं माप काढण्याआधी पाण्याची परवानगी काढतो! वाटेचे चार फोटो काढायचे, खाली दोन ओळी लिहायच्या, मामाची पोती परत खेचरावर. संध्याकाळच्या आत सगळं मिटलं असतं.

"उठा, वाट दाखवा," मी म्हटलं.

मामा उठला नाही.

"नको जाऊस वर," तो म्हणाला. "घसरडं आहे."

माझं हसू तिथेच थिजलं. तेच शब्द. मी विचारलं, "मामा, वर काय आहे?"

तो चुलीतलं लाकूड मागेपुढे करत राहिला. मग मी एकटीच निघाले. वाट लहानपणापासून पायांना ठाऊक होती. थोड्या वेळाने मागून त्याची पावलं ऐकू आली.

रान बाहेरून होतं तसंच दिसत होतं, उंच, गार, हिरवं. आत शिरले आणि पहिल्यांदा काय जाणवलं तर उजेड. खालची झुडपं, नेचे, वेली, सगळं साफ केलेलं. आणि झाडांच्या मधून, ओळीने, गुडघ्याएवढी कॉफीची रोपं. नीट आळी केलेली, आळ्यात पालापाचोळा, शेजारून काळा पाइप फिरवलेला. पाइप कुठून येतो ते बघायला पुढे गेले. तो झऱ्यातूनच येत होता. हौद भरायला हल्ली फार वेळ लागतो अशी ग्लाडिस कुरकुर करायची, आणि मी तिला म्हणायचे, उन्हाळा आहे गं.

मग मी ओकाच्या बुंध्याला हात टेकला आणि हाताला चिखल लागला. वाळलेला, थापलेला चिखल. नखाने खरवडला. आत साल नव्हती. बुंध्याभोवती बांगडीसारखी, वीतभर रुंद, साल सोलून काढलेली होती. शेजारच्या झाडालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही. वर बघितलं तर पानं हिरवीगार. अशी झाडं लगेच मरत नाहीत. वर्षभर उभी राहतात, पानं दाखवत, आणि आतून वाळत जातात. ती पडेपर्यंत खाली कॉफी वाढलेली असते. मग म्हणायला मोकळे, झाडं आपोआप मेली.

वरून बघणाऱ्याला हे दिसणं शक्यच नव्हतं. आणि वरून काय दिसतं, काय दिसत नाही, हे आमच्या डोंगरावर एकाच माणसाला कळत होतं. रानाला लागून खालची बाग त्याचीच होती. नकाशावर हिरवी.

मी तिथेच एका मुळावर बसले.

"कधीपासून?" मी मामाला विचारलं.

"पाऊस संपल्यापासून. मी त्याला सुरीने साल काढताना बघितलं."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत? चेअरमन आहे मी! भाची आहे तुमची!"

मामाने टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली.

"मला वाटलं तुला ठाऊक असेल," तो म्हणाला.

"मला?"

"तुझा कोंपाद्रे. तुझ्या घरी जेवतो. तुझा पोरगा त्याच्या मांडीवर वाढला. तो इथे एवढी रोपं लावतो आणि तुला पत्ता नाही, असं मी कसं समजू? काल सोसायटीचा निरोप आला, माझं नाव काढताय म्हणून. म्हटलं, दोघांनी ठरवलं असेल. भांडायला आलो असतो तर सगळं बाहेर आलं असतं. पोरीला कशाला गोत्यात आणा. म्हणून पोती घ्यायला आलो."

कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. मामा चोर ठरत होता, आणि मला चोर समजून मलाच वाचवायला निघाला होता. मला लाज वाटली, मग इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"जन्मभर काट्याच्या थरथरीवरून भांडलात आणि नेमकं भांडायचं तेव्हा मूग गिळून बसलात?" मी त्याच्यावर ओरडले. "माझं भलं करायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

खाली मोटारसायकलचा आवाज आला. आम्ही दोघांनीही वाटेकडे बघितलं.

ओल्विन धापा टाकत वर आला. माझ्या नखांतला चिखल त्याने बघितला, खरवडलेलं झाड बघितलं आणि उगाच काही सोंग आणलं नाही. तेवढं त्याचं कौतुक करायला हवं.

"मी म्हटलं होतं येऊ नका," तो म्हणाला.

"म्हटलं होतंत. घसरडं आहे म्हणून."

"कोमाद्रे, ऐकून तर घ्या. खालची बाग उन्हाने करपतेय. तुमचीही करपतेय, तुम्हाला दिसत नाही का? दरवर्षी फळं आधी पिकतात, दाणा हलका निघतो. कॉफीला गारवा लागतो, आणि गारवा आता इथे वर आहे."

"इथे रान आहे."

"रान कुठे नव्हतं? तुमच्या आजोबांची बाग काय समुद्रावर होती? त्यांनी तोडलं तेव्हा वरून बघणारा कुणी नव्हता, एवढाच फरक. हाम्बुर्गवाल्यांनी स्वतःची रानं कधीच खाऊन ढेकर दिलाय. आता आपली पानं मोजायला बसलेत."

मी मुळावरून उठले.

"ते राहू द्या," मी म्हटलं. "मामांचं काय? ती वाट झऱ्याची आहे हे तुम्हाला कळत नव्हतं?"

तो खाली बघायला लागला. "काल नकाशा बघितला तेव्हा कळलं."

"आणि तरी सहीसाठी कागद घेऊन माझ्यामागे फिरत होतात."

"काय करणार होतो? फोटो काढायला कुणीही वर आलं असतं तरी हे दिसलं असतं. मामांना मी पुढच्या वर्षी परत घेणार होतो, एल्डरची शपथ. त्यांची पोती यंदा माझ्या खर्चाने गावच्या व्यापाऱ्याला घालणार होतो."

"माझ्या पोराची शपथ इथे घेऊ नका."

तो एक पाऊल जवळ आला. आवाज पुन्हा मऊ झाला. याच आवाजात त्याने मला दरडीच्या दिवशी सांगितलं होतं की आता मागे वळून बघू नका.

"नीट विचार करा. या रोपांना अजून एक फळ नाही. कंटेनरमध्ये इथला एक दाणा नाही. आजच्या मालात खोटं काय आहे, सांगा मला. तुम्ही फक्त सही करा आणि खाली चला. रोपं उपटायची असतील तर मी उपटतो, उद्याच. पण हे फोटो पाठवलेत तर एकटा मी जाणार नाही. चौकशी होईपर्यंत सोसायटीचं नाव बंद ठेवतील. ग्लाडिसचा माल आहे त्यात. तुमचा आहे. सगळ्या डोंगराचा आहे. लोक मला शिव्या घालणार नाहीत, कोमाद्रे. तुम्हाला घालतील."

तो खरं बोलत होता. मी सही केली तर एकाचं नुकसान, आणि तो एकटा स्वतःहून मान द्यायला तयार. नाही केली तर अख्ख्या गावाचं. कुणीही शहाण्या माणसाने सही केली असती. मी खिशातला कागद बाहेर काढलासुद्धा.

"कर पोरी," मामा म्हणाला. "मी म्हातारा माणूस. मला काय करायचंय हाम्बुर्ग."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो माझ्याकडे बघतही नव्हता. आणि मला कळलं की आता मी सही केली तर मामाला जे वाटलं होतं ते खरं होईल. आम्ही दोघांनी ठरवलं होतं, हेच खरं होईल. सकाळपर्यंत मला ठाऊक नव्हतं. आता होतं.

मी कागद परत खिशात ठेवला. फोन मामाच्या हातात दिला.

"हा धरा. बंद आहे, घाबरू नका."

झरा चारच पावलांवर होता. दगडाच्या कपारीतून पाणी येत होतं, त्यातलं अर्धं पाइपात जात होतं. मी गुडघ्यांवर बसले आणि ओंजळ बुडवली. काय म्हणायचं असतं ते मला येत नव्हतं. आईला यायचं. मी लहानपणी तिच्यामागे उभी राहून कंटाळून खडे मारत असायचे.

"मोजतेय," मी हळूच म्हटलं. "रागावू नकोस."

परत येऊन फोन सुरू केला आणि पहिल्या सोललेल्या झाडापासून चालायला लागले. रोपांच्या कडेकडेने, पाइप ओलांडून, एकेक बुंधा हाताने खरवडून फोटो काढत. फोनवर रेघ वाढत होती. ओल्विन मागून येत होता. अडवलं नाही त्याने. अडवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"कोमाद्रे," तो म्हणत होता. "कोमाद्रे, थांबा. एल्डरला काय सांगाल?"

मी चालत राहिले. एल्डरला काय सांगणार ते मला खरंच ठाऊक नव्हतं. बोलले असते तर रडले असते, आणि रडले असते तर थांबले असते.

रेघ जिथून निघाली तिथे येऊन मिळाली. फोनने विचारलं, ही जमीन कोण कसतं? खाली नाव लिहायची जागा होती. ओल्विन माझ्या खांद्यावरून ती जागा बघत होता. तिथे काय येतं ते त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. गावातली सगळी नावं त्यानेच भरली होती.

मी त्याचं नाव लिहिलं. एक अक्षर चुकलं, ते पुसून पुन्हा लिहिलं.

"डेल्मी," तो म्हणाला.

बाप्तिस्म्याच्या दिवसापासून त्याने मला या नावाने हाक मारली नव्हती. मी वळून बघितलं. तो शाळेतल्या ओल्विनसारखा दिसत होता, मार खाऊन बाकावर बसलेला.

"तुझा नवरा गेला तेव्हा मी कसलाही हिशोब केला नव्हता," तो म्हणाला आणि वाटेला लागला. थोड्या वेळाने मोटारसायकल सुरू झाली आणि आवाज गावाकडे न जाता पलीकडच्या उतारावर गेला.

उतरताना मामाच्या वाटेचेही चार फोटो काढले. रानात रेंज नव्हती. मामाची आणि माझी पावलं तेवढी वाजत होती. खालपर्यंत फोन ते सगळं पोटात धरून होता. अजूनही पुसता आलं असतं, आणि पुसावं असं वाटलंही, एकदा नाही, वळणावळणावर वाटलं. मामाच्या बागेच्या कोपऱ्यावर रेंज आली आणि आधी ओल्विनचे न उचललेले फोन दिसले, सकाळचे. मी ते बाजूला सारून पाठवायचं बटण दाबलं. मामाच्या वाटेचे फोटो गेले, मामाची हकिगत गेली आणि मग ते रान गेलं.

आवारात पोचले तेव्हा कंटेनर भरून तयार होता. ड्रायव्हर दाराला टेकून सीलची तार बोटाभोवती गुंडाळत होता. माल चढवणारे खळ्याच्या कट्ट्यावर बसून भाकऱ्या खात होते आणि मला बघून त्यांनी जेवण थांबवलं. ग्लाडिस काट्यावरून उठून पुढे आली.

"काय झालं? मामांचं मिटलं का?"

"मिटलं," मी म्हटलं. "पोती उतरवायला घे."

"कुणाची?"

"सगळ्यांची. माझ्यापासून सुरुवात कर."

तिने माझ्या चिखलाने भरलेल्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे. जाऊन तिने कंटेनरचं दार उघडलं.